फळ मी कधीच खाल्लं नाही

मी पक्षीण बोलतेय. पक्षी नाही, पक्षीण. माझ्या पायाला बांधलेल्या चिठ्ठीवर 'नर, प्रौढ' असं लिहिलं होतं. त्या चिठ्ठीचा दोरा तेवढा खरा, बाकी सगळं खोटं.

खाली पुढे लिहिलं होतं, 'अधिवास: उंच झाडांचे शेंडे. आहार: पिकलेली लाल फळे.' शेंडे! अहो, मी जन्मात कधी माणसाच्या कमरेच्या वर बसले नाही. उंचावर ऊन लागतं, आणि ऊन मला सोसत नाही. आणि फळ? फळ मी कधीच खाल्लं नाही. एकदा नवऱ्याने हौसेने आणलं होतं, तेही आत अळी होती म्हणून. अळी मी खाल्ली, फळ त्याला परत केलं.

कुणी म्हणेल, मेलेल्या पाखराने इतकं कशाला मनाला लावून घ्यावं? घेते. कारण या चिठ्ठीपायी माझ्या लेकीच्या घरावरून झाडू फिरायची वेळ आली. खराखुरा झाडू, काडीकाडी बांधलेला, आणि तो जंगलावर. तेच सांगायला बसलेय. म्हणजे, मला बसवलंय.

माझा जन्म एका आडव्या पडलेल्या, कुजक्या खोडाच्या ढोलीतला. शेजारून ओढा वाहायचा. वर झाडांचं छप्पर इतकं दाट की भर दुपारी दिवेलागणीचा उजेड. आणि खाली पाचोळा. तुम्ही त्याला कचरा म्हणता. आमचं ते अंगण, कोठार आणि स्वयंपाकघर. वरचं पान कोरडं, त्याखालचं ओलं, त्याखालचं जाळी झालेलं, मग काळी माती; आणि प्रत्येक मजल्यावर भाडेकरू. नाकतोडे, झुरळं, कोळी, गोमा, गुबगुबीत अळ्या.

पण ही मंडळी हाक मारून बाहेर येत नाहीत. त्यांना बाहेर काढायला मुंग्या लागतात. आमच्या रानात मुंग्यांची फौज निघते, लाखालाखाने, चटईसारखी पसरत. ती पाचोळ्यातून चालली की खालचे सगळे, जीव मुठीत धरून, वर उसळतात. आम्ही बाजूच्या काडीवर टपून असतो. नाकतोड्याने उडी मारली की तो हवेतच आमचा. मुंगीला मात्र तोंड लावायचं नाही. एक तर ती आंबट, वर चावरी. आणि जी आपल्याला वाढते तिलाच खायचं, इतके आम्ही खालच्या थराला गेलेलो नाही.

म्हणून सकाळी उठल्यावर माझं पहिलं काम ठरलेलं. मुंग्यांच्या तळाकडे जायचं, मान वाकडी करून आत डोकवायचं: काय, आज निघताय का? नसतील निघत तर दुसरा तळ गाठायचा. मला तीन तळ पाठ होते. आमच्या ह्यांना एकही नाही. ते माझ्या मागे मागे यायचे आणि पोचल्यावर म्हणायचे, "मला वाटलंच होतं."

आणखी एक सांगते. आमच्यात बायका गातात. हे दोन लांब शिट्ट्या घालायचे, आणि त्यांचा श्वास संपायच्या आत मी पुढचं उचलायचे, खडखडत, ओढ्यासारखं खाली उतरत. निम्मं त्यांचं, निम्मं माझं. दोन्ही मिळून गाणं पुरं होतं, आणि पुरं झालं की शेजाऱ्यांना कळतं, ही जागा यांची आहे, इथे पाय ठेवायचा नाही.

मी मेले ती याच गाण्यापायी.

रानाच्या कडेला साहेबलोकांचा बंगला होता. एका सकाळी मुंग्यांची फौज तिकडे वळली. मी मोकळी जागा कधी ओलांडत नाही, पण पोर नुकती घरट्यातून बाहेर पडलेली, तिला दिवसभर हवं खायला. पोरीचं डाव्या पायाचं मधलं बोट वाकडं, माझ्यासारखंच. आणि भूकही माझ्यावर गेलेली. मग मी मुंग्यांच्या मागे व्हरांड्यात शिरले. काय सांगू, काय पंगत होती ती! माणसांच्या घरात इतकी झुरळं असतात हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. दोन साहेब टेबलावर चढून उभे होते, एक खुर्चीवर, आणि स्वयंपाकी पाण्याच्या पिंपात.

तेवढ्यात झाडीतून ह्यांच्या दोन शिट्ट्या आल्या. उत्तर दिलंच पाहिजे. मी कठड्यावर बसून सूर उचलला. टेबलावरचा साहेब बोट दाखवून म्हणाला, "बघा, नर आहे. गातोय."

मी गात गातच घरी निघाले. समोर रान दिसत होतं, हिरवंगार. ती खिडकीची काच होती. रान माझ्या पाठीमागे होतं. निम्मा सूर बाहेर आला, निम्मा घशात राहिला आणि चोच उघडी पडली ती पडलीच.

मुंग्या गेल्यावर साहेब टेबलावरून उतरले. मला रुमालात गुंडाळून शहरातल्या संग्रहालयात पाठवलं. तिथे पाखरांत पेंढा भरणारे एक मास्तर होते, सगळे त्यांना पेंढेमास्तर म्हणत. हलक्या हाताचा माणूस. त्यांनी मला पोटाशी उकललं. माझ्या पोटात टोळाच्या तंगड्या होत्या, झुरळाचे पंख होते, आणि पुढच्या विणीच्या अंड्यांची बारीक माळ होती. हे जगात एकाच माणसाने डोळ्यांनी पाहिलं, आणि त्याला कुणी काही विचारलं नाही.

मास्तरांनी आत कापूस भरला, तारेवर उभं केलं. काचेचे डोळे माझ्या मापाचे नव्हते, एक नंबर मोठे होते. म्हणून मी आजतागायत दचकलेली दिसते. चोच काही मिटेना. दोऱ्याने बांधली, सुटली. चिमट्याने दाबली, उघडली. उघडी चोच बरी दिसत नाही म्हणून मास्तरांनी बायकोच्या तुटलेल्या माळेतला एक लाल मणी आणून चोचीत डिंकाने चिकटवला. भोक आतल्या बाजूला. आणि खालची फांदी कुठल्या तरी पेंढा भरलेल्या माकडाची उरलेली होती, ती मला दिली.

मग चिठ्ठ्या लिहिणारे साहेब आले. टेबलावर चढलेले तेच. त्यांची पद्धत अशी, की एकदा पाखराकडे बघायचं आणि लिहायचं. फांदी उंच, म्हणून शेंडे. चोचीत लाल, म्हणून फळे. गात होता, म्हणून नर. शाई वाळायच्या आत ते जेवायला गेले.

सहा वर्षं मी त्या कपाटात काढली. डावीकडे एक घुबड, त्याला कसल्याच गोष्टीचं काही वाटत नसे. समोर जंगलाचा नकाशा टांगलेला, त्यात आमचा ओढासुद्धा निळ्या रेघेने काढलेला. मला बरं वाटायचं.

आणि रोज सकाळी आक्का. आक्का म्हणजे आमच्या दालनाची झाडलोट करणारी बाई. साठीची, काटक, तोंडाने फटकळ. शाळेत गेलेली नव्हती. अक्षरं शिकली ती आमच्या चिठ्ठ्यांवरून, कपाटाकपाटाने. त्यामुळे तिला 'गेंडा', 'अस्वल', 'प्रौढ' हे शब्द झटकन वाचता येत आणि 'रजेचा अर्ज' अडखळत.

काच पुसताना ती माझ्याशी बोलायची. "काय गं, अजून गिळलं नाहीस? सहा वर्षं एकच फळ चघळतेस. माझी सासू अशीच सुपारी धरायची दाढेखाली." चिठ्ठीवर नर लिहिलेलं असूनही ती मला 'गं' म्हणायची. एकदा रखवालदाराने टोकलं, तर म्हणाली, "असं दचकून बघणं बाईमाणसाचंच असतं. बाप्यांना दचकायला फुरसत कुठाय?"

मग एक दिवस दालनात खुर्च्या मांडल्या. संग्रहालयाचे थोरले साहेब आले, चिठ्ठीसाहेब आले, आणखी चार-पाच जण. बैठक माझ्याच समोर, कारण विषय मी होते.

माझ्या जातीची पाखरं कमी होत चालली होती. कमी का झाली, तर रान तुकड्यातुकड्यांनी तोडलं म्हणून. पण तो विषय त्या दिवशीच्या कागदावर नव्हता. कागदावर होती योजना. चिठ्ठीसाहेबांनी उभं राहून वाचली. "हा पक्षी उंच शेंड्यांवर राहतो आणि लाल फळं खातो. तेव्हा ओढ्याकाठच्या पट्ट्यात लाल फळांची झाडं लावायची. खालची झुडपं कापायची, आणि सगळा पाचोळा साफ करून जमीन स्वच्छ ठेवायची, म्हणजे खाली पडलेलं फळ पक्ष्याला चटकन दिसेल."

नकाशावर त्यांची काठी टेकली ती थेट आमच्या खोडावर. माझ्या पोटातला कापूस थंड पडला. पाचोळा गेला की अळी गेली, नाकतोडा गेला, मुंग्या गेल्या. मग माझ्या वाकड्या बोटाच्या लेकीने काय खायचं, स्वच्छता?

"उत्तम," थोरले साहेब म्हणाले. "झाडणार कोण?"

सगळ्यांनी आक्काकडे पाहिलं. ती चहाचे कप उचलत होती.

"मी?" आक्का म्हणाली. "काय झाडायचंय?"

"जंगल."

आक्काने कप खाली ठेवले. "साहेब, चाळीस वर्षं झाडू आहे माझ्या हातात. जंगल झाडणं म्हणजे समुद्र पुसण्यातला प्रकार. वरून पडतंच राहणार."

"म्हणून तर तुम्हाला बारा बायका देतोय. तुम्ही मुख्य."

"आणि पाचोळा काढला तर पाखरं येतील हे कुणी सांगितलं? मागच्या अंगणात मी पानांचा ढीग घालते, तिथेच सगळी पाखरं उकरत असतात. ती काय तिथे लाल फळं शोधतात?"

"आक्का," चिठ्ठीसाहेब हसून म्हणाले, "हे अभ्यासाचं काम आहे. चिठ्ठीवर काय लिहिलंय ते वाचता येतं ना तुम्हाला?"

"वाचता येतं. लिहिणाराही माहीत आहे."

आता पुढचं ऐका. आयुष्यभर मी किडे खाल्ले. कपाटात किडे मला खायला लागले होते. कसर लागली होती, चोचीच्या मुळाशी. लाज वाटायची, कुणाला सांगणार? पण त्या दिवशी त्या कसरीनेच माझी अब्रू राखली. तिने डिंकाचा शेवटचा तुकडा खाल्ला आणि लाल फळ माझ्या चोचीतून सुटलं. फांदीवर टण्, कपाटाच्या तळाला टण्, आणि दाराच्या फटीतून बाहेर येऊन थेट थोरल्या साहेबांच्या बुटापाशी.

आक्काने उचललं. उजेडाकडे धरलं, एक डोळा मिटला आणि त्यातून आरपार चिठ्ठीसाहेबांकडे पाहिलं.

"भोक आहे," ती म्हणाली. "फळाला दोरा ओवायला भोक असतं होय हो, साहेब?"

पेंढेमास्तरांना बोलावणं गेलं. आता म्हातारे झालेले, काठी टेकत आले. मणी हातात घेतला आणि त्यांचा चेहरा खुलला. "अरे, हा आमच्या हिच्या माळेतला! चोच मिटेना म्हणून घातला होता. घरी अजून विचारतात, एक कमी कसा."

"मग हा पक्षी खातो काय?"

"किडे. पोट भरून टोळ आणि झुरळं निघाली होती. आणि पक्षी नाही तो, मादी आहे. अंडी होती पोटात."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"विचारलं कुणी? पोटातलं लिहायला फॉर्मात जागा नव्हती. फक्त 'कापूस किती लागला' एवढंच होतं. ते लिहिलं मी."

मला वाटलं, झालं. सुटली माझी पोर. चिठ्ठीसाहेबांची मान खाली. थोरले साहेब खिडकीपर्यंत गेले, परत आले, आणि त्यांनी निकाल दिला.

"चौदा फलक छापून झालेत. पुस्तकात धडा गेलाय. रोपं आलीत. त्या सगळ्यात एकच मजकूर आहे. पक्षी एकच आहे. तेव्हा मजकूर बरोबर, पक्षी चुकीचा. काढा त्याला."

चिठ्ठीसाहेबांनी सुटकेचा श्वास सोडला. घुबडालासुद्धा तेव्हा थोडं काही वाटलं असावं.

मला कचऱ्याच्या डब्यात टाकायला सांगितलं, अर्थात आक्कालाच. ती मला आणि जंगल झाडायच्या हुकुमाचा कागद घेऊन मागच्या अंगणात गेली आणि पायरीवर बसली. हुकूम बोट फिरवत वाचला. दोनदा. मग उठून थोरल्या साहेबांच्या दारात उभी राहिली. मी तिच्या पदराखाली.

"साहेब, यात लिहिलंय, पाचोळा झाडून योग्य त्या जागी टाकावा. योग्य जागा कोणती?"

"आक्का, असल्या बारीकसारीक गोष्टी मला विचारायला येऊ नका. तुम्ही मुख्य आहात. तुम्हीच ठरवा."

"मीच ठरवू?"

"हो, हो."

"तसं लिहून द्या."

त्यांनी वैतागून समासात लिहून दिलं, सही केली. आक्काने सहीवर फुंकर मारली.

पायरीवर परत येऊन तिने माझ्या चिठ्ठीवरचा 'नर' शब्द पेन्सिलीने खोडला. इतका दाबून की कागद फाटला. खाली वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं, 'बाई. गाते.' एवढंच. चिठ्ठीवर तेवढीच जागा होती.

ठरल्या दिवशी ती बारा बायका आणि बारा झाडू घेऊन रानात गेली. मी तिच्या डब्याच्या पिशवीत, भाकरीच्या शेजारी. आमच्या खोडापाशी आल्यावर तिने मला बाहेर काढून ढोलीच्या तोंडाशी पाचोळ्यात ठेवलं, चोच रानाकडे करून. मग बायकांकडे वळली.

"ऐका गं. पाचोळ्याची योग्य जागा झाडाखाली. या टोकापासून पाचोळा उचलायचा, एक हात पुढे टाकायचा, आणि मागच्या बाईने तो परत मागे टाकायचा. रेघ मोडायची नाही. घाई करायची नाही."

"आक्का, मग होणार काय त्याने?" एका तरुण बाईने विचारलं.

"झाडणं होईल. हुकुमात तेवढंच लिहिलंय. हात चालव."

बारा जणी ओळीने चालू लागल्या. खर्र, खर्र, पाचोळा वर, पाचोळा खाली. आणि काय सांगू तुम्हाला! नाकतोडे उसळले. झुरळं पळाली. गोमा वळवळत निघाल्या. बायका किंचाळल्या, पण रेघ मोडली नाही. मुंग्यांच्या फौजेसारखीच चालली होती ती ओळ. एक तपकिरी पाखरू बाजूच्या काडीवर येऊन बसलं. मग दुसरं. मग सात. डाव्या पायाचं मधलं बोट वाकडं असलेलं एक पाखरू सगळ्यांत पुढे. आक्काच्या झाडूच्या टोकावरून तिने टोळ उचलला.

दुपारी चिठ्ठीसाहेब पाहणीला आले. पाखरं मोजली, एकोणीस भरली. वहीत लिहिलं, 'जमीन स्वच्छ होताच पक्षी परतले. योजना यशस्वी.' पाचोळ्यात ते घोट्यापर्यंत बुडाले होते, पण लिहिताना माणूस खाली बघत नाही. योजनेला मुदतवाढ मिळाली. आता आक्का आणि तिच्या बायका दर सोमवारी येतात. माझ्या जातीची पोरं सोमवारी सकाळी उठून मुंग्यांच्या तळाकडे जात नाहीत. रस्त्याच्या वळणावर जाऊन, मान वाकडी करून बघतात, बायका निघाल्या का.

लाल फळांची झाडंही लावली होती. एका झाडाला फळं धरली आणि त्यांत अळ्या पडल्या. तेवढी ती झाडं कामाला आली.

मी अजून खोडापाशीच आहे. एक डोळा गळून पडला, त्यामुळे निम्मीच दचकलेली दिसते. पिसं विसकटली. कसर गेली आणि रानाचे किडे आले, चांगले सणसणीत. परवा माझी लेक आली. माझ्या छातीतून तिने एक पांढरी अळी ओढून काढली, खाल्ली. मग कापसाचा बोळा निघाला, तो थूत् करून टाकून दिला. खाण्याच्या बाबतीत पोर चोखंदळ आहे. मी दिलेलं वळण आहे.

आमच्या ह्यांनी दुसरी केलीय. करू देत. तिचा सूर थोडा चढा लागतो, पण वेळेवर येते.

तुम्हाला एकच सांगणं. कधी रानात आलात तर वर बघत चालू नका, खाली बघा. पायाखाली कुणाचं तरी स्वयंपाकघर असतं. आणि मी खातेय काय हे लिहायची फारच खाज सुटली, तर आधी पोटाला विचारा, चोचीला नको.

आता गप्प बसते. ह्यांच्या दोन शिट्ट्या झाल्यात. उत्तर द्यायचं काम माझं राहिलेलं नाही, हे मला कळतं. तरी चोच अजून उघडीच आहे.